दम साठवून बोलणारी

त्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज तिचा. स्वाइन फ्लूच्या साथीत कोल्हापुरातल्या एका दवाखान्यानं गरोदर बायकांसाठी वेगळी खोली केली होती. खाटा दोनच, एक माझी, एक तिची. दोघींनाही सातवा महिना. मी तापानं इतकी गळून गेले होते की पाण्याचा पेला उचलायचाही कंटाळा येई. ही मात्र पडल्या पडल्या झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना फैलावर घ्यायची. सिस्टर तिला कागलकरीण म्हणत, म्हणून मीही. ती मला अक्का म्हणे.

"अक्का, ह्यो च्या हाय का भांडी धुतल्यालं पानी?" अशी आमची सकाळ व्हायची. मला हसू यायचं, आणि हसलं की खोकला. वैताग यायचा तिचा. ती झोपली की खोली सुनी वाटायची, त्याचाही वैतागच.

तिला घरी जायची घाई होती. पहिलटकरीण. डोहाळजेवण ठरलेलं, हिरवी साडी आणून ठेवलेली, माहेरची माणसं निपाणीहून यायची होती. "सासूनं समद्या गल्लीला सांगितलंय. मीच न्हाई गेलो तर ओटी काय उशीची भरत्यात?"

डॉक्टर यायची वेळ झाली की मात्र ती एकदम गप्प पडून राही. मला वाटे, दमली असेल. मग ध्यानात आलं, बया दम साठवतेय. डॉक्टर आत आले की खणखणीत आवाजात सुरू, "ठणठणीत हाय मी! सोडा की आता!" ते वळले की डोळे मिटून नुसती धापा टाकायची. सांग त्यांना, म्हटलं तर म्हणे, "पोटुशीला दम लागतोयच अक्का. माझ्या आईला लागलता, सासूला लागलता."

शेवटी मीच डॉक्टरांना सांगितलं. ती माझ्यावर अशी भडकली की दिवसभर बोलली नाही. त्यांनी दोघींचंही रक्त तपासायला पाठवलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, तेवढं मला समजलं. माझं ठीक निघालं. तिचं खूप वाढलेलं होतं.

"काळजात कळ न्हाई का काय न्हाई, आन् म्हनं काळजाला लागलंय!"

"कळ यायलाच पाहिजे असं नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. तेही कितीतरी दिवसांचे जागे दिसत होते. "हा ताप हृदयालाही धरतो. तुम्हाला आजच आयसीयूत न्यायचंय."

ती भांडली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

स्ट्रेचर माझ्या खाटेशी आलं तेव्हा तिनं वॉर्डबॉयला थांबवलं. "अक्का, त्वांड दाव की. बाजारात गाठ पडली तर वळखू कसं?" आल्या दिवसापासून दोघींच्याही तोंडाला मास्क होते; खातापिताना काढायचे तेही भिंतीकडे तोंड करून, असा सिस्टरचा दंडक. मी माझा खाली ओढला. तिनं नीट निरखून पाहिलं. "बरी हाईस की दिसायला," म्हणाली. तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो काढायला कोण देतंय?

मी घरी जायच्या आधीच ती गेली. बाळही गेलं. सिस्टरनं सांगितलं तेव्हा मला रडायचं होतं, पण अंगात तेवढं त्राण नव्हतं. नंतर, मला मुलगी झाल्यावर, एकदा जे रडू आलं ते काही केल्या थांबेना.

आता कामानिमित्त कधी कागलला जाते. सगळ्या बायकांसारखा मीही गाडीवर उन्हाधुळीचा स्कार्फ गच्च बांधलेला असतो. बाजारात शिरताना तेवढा सोडते. ओळखणारं कोणी नाही, ठाऊक आहे. तरी सोडते.