पियानोला पाठ लावून

आमच्या घरात मार बसणार नाही अशी एकच जागा होती, पियानोसमोरची.

वडील उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशवाले होते. त्यांच्या शेठने कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातलं सामान एकगठ्ठा उचललं, त्यात हा उभा पियानो आला. त्याला गिऱ्हाईक मिळेना. वर्षभर गोदामात धूळ खाल्ल्यावर शेठ म्हणाला, "ले जा यार, जगह खाली कर." वडिलांनी तो हातगाडीवरून आमच्या दोन खोल्यांत आणला आणि चार महिने रोज संध्याकाळी त्यावर लाखेचं पॉलिश चढवत बसले. वाजवता त्यांना एक पट्टी येत नव्हती. पण लाकडावर एवढा जीव लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच हातांनी ते आईला मारत. भाजीत मीठ कमी पडलं, शेजारीण जरा जास्त बसली, काहीही पुरे व्हायचं. हे दोन्ही हात एकाच माणसाचे, हे मला अजूनही पटत नाही.

पॉलिशवर ओरखडा जाईल म्हणून ते पियानोजवळ हात उगारत नसत. हे आईनेच हेरलं. त्यांचा आवाज चढला की ती मला खुणावायची आणि आम्ही दोघी पियानोला पाठ लावून उभ्या राहायचो. ते समोर दातओठ खात उभे. "पुढं ये," म्हणायचे. आम्ही हलायचो नाही. पुढे अंबरनाथला शिवमंदिराकडे राहणाऱ्या एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे मी वाजवायला शिकले. पण त्या पियानोवर माझा जीव जडला तो सुरांमुळे नव्हे, हे सरळच सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बदलापूरला एक नवी शाळा निघाली. त्यांना संगीत शिकवायला बाई हवी होती. वाद्य तुमचंच लागेल आणि आधी मी येऊन बघेन, असं मुख्याध्यापिकेने बजावलं होतं. बुद्धविहारात आईला भेटणाऱ्या एका मावशींनी तिथल्याच बेलवलीत खोली बघून दिली. पियानो धड पोचला तर नोकरी मिळणार होती, नोकरी मिळाली तर खोलीचं भाडं निघणार होतं आणि आई कायमची सुटणार होती.

वडील कामावर गेल्यावर अकराला टेम्पो येणार होता. पियानो कसा बांधायचा हे आम्हाला कुणी वेगळं शिकवायला नको होतं, वडिलांना माल बांधताना जन्मभर पाहिलं होतं. झाकण लावून कुलूप घातलं. चाकांवर ढकलला तर चाकं मोडतात, म्हणून पहारीने एकेक बाजू उचलून मी खाली फळ्या सरकवल्या. पॉलिशवर दोरी थेट आवळायची नसते. आईने घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोधड्या काढल्या. नुसत्या गुंडाळल्या तर सुटतील, म्हणून दाभण घेऊन एकीला दुसरी शिवत गेली, पोत्याचं तोंड शिवतात तसं. कोपऱ्यांना दुहेरी घड्या घातल्या. शेवटचा टाका घालून तिने पियानो थोपटला आणि हसली.

"आता आपटला तरी काय होत नाय त्याला," म्हणाली.

साडेदहाला वडील दारात. स्पिरिटच्या वासाने डोकं उठलं म्हणून पडायला घरी आले होते. त्यांना आधी पियानो दिसलाच नाही, उघडी खाट दिसली.

"माझी गोधडी कुठंय?"

मग त्यांनी वळून पाहिलं. पियानो बांधलेला, शेजारी आमच्या दोन पिशव्या. सांगायला काही उरलंच नव्हतं.

आई सवयीने मागे सरकली आणि पियानोला पाठ लावून उभी राहिली. मीही राहिले. वडिलांनी उरलेलं फळकूट उचललं आणि क्षणभर थांबले. त्यांची नजर आईवर नव्हती. ती गोधड्यांवरून फिरत होती, वरपासून खालपर्यंत, गिऱ्हाइकाच्या मालाचं बांधकाम तपासावं तशी. काय बघत होते ते मला पहिला फटका पडल्यावर कळलं. आता ओरखडा जाणार नव्हता. आमची आडोशाची जागा आम्ही आमच्याच हातांनी शिवून बंद केली होती.

पहिला फटका आईच्या खांद्यावर बसला, दुसरा तिने वर धरलेल्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा गोधडीवर बसला आणि आतल्या सगळ्या तारा एकदम घुमल्या. त्या आवाजाने ते दचकून थांबले. आईच्या किंचाळण्याने थांबले नव्हते. मी खाली पडलेलं दाभण उचललं आणि त्यांच्या दंडात खुपसलं. खोलवर गेलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. उपसून पुन्हा उगारलं, तसे ते मटकन खाटेवर बसले. ज्या माणसाच्या पावलांची चाहूल लागली की आम्ही पियानोकडे सरकायचो, तो माझ्याकडे बघून घाबरला होता.

टेम्पोवाला हमाल घेऊन आला. परक्यांसमोर वडील कधी हात उचलत नसत. दंडावर रुमाल दाबून बसून राहिले. हमालांनी दारात पियानो कलता केला तेव्हा मात्र ओरडले, "आडवा नका करू रे! उभाच न्या! चौकटीला लागंल!" आई बाहेर मोडका हात पोटाशी धरून उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

बेलवलीत तिसऱ्या दिवशी मी टाके उसवले. आईचा हात प्लॅस्टरमध्ये होता. पट्ट्या सगळ्या वाजत होत्या. पॉलिश जसंच्या तसं, कुठे एक ओरखडा नाही. आईने झाकणावरून डावा हात फिरवला.

"बघ," म्हणाली, "त्याला काय नाय झालं."

माझं डोकंच फिरलं. दाभण घेतलं आणि झाकणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत करकरत ओढलं. आई ओरडेल असं वाटलं होतं. तिने हात पुढे केला. "आण इकडं." डाव्या हाताने तिला दाभण नीट धरता येईना, तरी तिचा ओरखडा माझ्यापेक्षा खोल गेला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी दोन्ही ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"आणताना नीट बांधला नव्हता वाटतं?"

"फार नीट बांधला होता," मी म्हणाले, आणि वाजवायला बसले.