सीमाप्रश्न, दुसरा मजला

आमच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत, रद्दीसारखे आपोआप साठतात. मी शाळेत इतिहास शिकवते. माझे वडील बेळगावकडचे, सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले. आणि नवरा सन्मती शिरोळकडचा जैन, घरी कानडी बोलणाऱ्यांतला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, वाद अजून चालू आहे!

*

सन्मतीला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चहाच्या आधीच विचारलं, "बेळगाव कुणाचं?"

सन्मती म्हणाला, "आधी लेकीचं तर ठरवा की! बेळगावचं मागनं बघू."

आप्पा हसले नाहीत. पण चहा सांगितला.

*

शिरोळचं घर पुरात गेलं आणि माझ्या सासूबाई, अव्वा, आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या. आमच्या सईशी त्या कानडीत बोलायला लागल्या. मी नियम काढला, पोरीशी मराठीच बोलायचं. अव्वा निमूट "व्हय" म्हणाल्या.

सन्मती भडकला. "कानडीची सक्ती झाली म्हणून आप्पा लढले न्हवं? मग ही काय विनंती हाय व्हय?"

"आप्पांच्या गावची मराठी शाळा बंद पडली, ते दिसत नाही तुला!" मी पण सोडते होय! त्या दिवशी दोघंही न जेवता ऑफिसला आणि शाळेला गेलो.

*

सईला प्रोजेक्ट होता, घरातली जुनी म्हण लिहून आणा. अव्वांनी कानडी म्हण सांगितली, सईनं मराठी अक्षरांत छान लिहिली. मी ती खोडायला लावली आणि आपली एक मराठी म्हण घातली.

सन्मतीनं वही बघितली. "इतिहासाच्या बाईंनीच पुरावा खोडला की!"

मी वही ओढून घेतली आणि सईच्या दप्तरात कोंबली.

*

अव्वा रोज दुपारी गावाकडच्या बहिणीला फोन लावायच्या. तासभर कानडी, तेही अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं! गेल्या महिन्यात ती बहीण वारली. अव्वांचं बोलणंच बंद झालं.

सन्मती संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायला लागला. पण तो पाचवीपासून कोल्हापुरात हॉस्टेलला. अर्धं वाक्य कानडीत झालं की पुढं अडायचा, मग मराठी.

अव्वाच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळा, तुला तरास होतोय."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी मागनं गेले, आणि दारातूनच परत फिरले.

*

परवा रविवारी आप्पा आले. अव्वा कोपऱ्यात नेहमीसारख्या गप्प बसलेल्या. आप्पांनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि म्हणाले, "ऊट आतेन्री, अव्वा?"

जेवण झालं का, एवढंच. पण आप्पांच्या तोंडून कानडीचा एक शब्द मी जन्मात ऐकला नव्हता!

अव्वा बघतच राहिल्या. मग बोलायला लागल्या त्या थांबेनातच. मधेच रडल्या, मधेच हसल्या. आप्पा मान हलवत ऐकत होते, एखादा शब्द घालत होते. सन्मतीनं टीव्ही बंद केला. सई आजीच्या पायाशी जाऊन बसली.

मला काहीच कळेना. न राहवून विचारलं, "आप्पा, काय म्हणतायत त्या?"

आप्पांनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तू गप बस गं. बोलू दे की त्यास्नी!"