काळी
ओल्या धोतराचा वास आला, की मला नांदेडचं ते ऑफिस आठवतं, जिथं मी उपग्रहाच्या चित्रांवरून नद्यांचं पाणी मोजायचो. दवाखान्यासाठी आलेले मामा पुरामुळं शहरात अडकले होते. अहमदपूरची एसटी बंद होती. भिजतच आले आणि म्हणाले, “माझं शेत दाव.” त्या चित्रांत कोरडी जमीन करडी दिसते आणि पाणी काळंभोर. त्यांच्या शेताच्या जागी पडद्यावर सगळं काळंच होतं; मी तिथं बोट ठेवलं. मामा वाकून बघत राहिले, मग हसले. “काळी जशाला तशी हाय की रे.” मी “हाव” म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदा ते चहा प्यायले. एसटी सुरू झाल्यावर त्यांना गाडीत बसवतानाही मला खरं सांगवलं नाही. मामांनी पुढं त्याबद्दल कधीच विचारलं नाही. आता मी कुणालाच पडद्यावर शेत दाखवत नाही.