अक्कांचं तूप आणि माझं सर्टिफिकेट

गेल्या गुरुवारी दुपारी माझ्या हॉटेलात जेवून उठलेली तीन माणसं दहाच मिनिटांत समोरच्या टपरीवर कचोरी खाताना दिसली... आणि मी काउंटरवरचा हिशेब अर्धाच सोडला.

कारण ती साधी माणसं नव्हती. शिरपूरच्या बाजारातले कापसाचे व्यापारी शेठजी, त्यांच्या मिसेस आणि मोठे भाऊ. मुलीच्या साखरपुड्यासाठी आमचा नवा हॉल बघायला आणि जेवण चाखायला आले होते.

हॉल बांधून चार महिने झाले, अजून एकही कार्यक्रम नाही. शेठजींनी घेतला तर अख्खा बाजार घेईल, आणि त्यांनी नाक मुरडलं तर हॉलमध्ये मका भरायची पाळी येईल... हे आमचे सासरे, आबा, मला रोज जेवताना ऐकवतात.

आता हे का झालं ते सांगते. चूक माझीच आहे.

मी मूळची वरणगावची. वडील फॅक्टरीत, भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर जेवणारं आमचं घर, त्यामुळे मला शिस्तीचं भारी वेड. मागच्या महिन्यात धुळ्याला हॉटेल चालवण्याचं तीन दिवसांचं शिबिर केलं. फायनान्स, मार्केटिंग, लीडरशिप, शेवटी फोटो आणि सर्टिफिकेट!

तिथले टायवाले सर म्हणाले, तुमचा नफा उष्ट्याच्या बादलीत जातोय. ग्राहकाला एकदाच नम्रपणे विचारा आणि त्याच्या 'नको'चा आदर करा. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

घरी आल्या आल्या अंमलबजावणी. पहिली कुऱ्हाड अक्कांवर. अक्का आमच्याकडे वीस वर्षं वाढप करतात, आणि कुणाला विचारून वाढणं त्यांना माहीतच नाही. ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतील. सरांच्या भाषेत सांगायचं तर पोर्शन कंट्रोलचा चालताबोलता शत्रू.

मग मी लीडरशिप दाखवली. अक्कांना कोठीची इनचार्ज केलं, वर बॅजही दिला. अक्कांनी तो माझ्याकडूनच वाचून घेतला, पदराला लावला आणि गुपचूप डाळीच्या पोत्यांशेजारी जाऊन बसल्या.

आमच्या वेटर देविदासला एक वाक्य पाठ करून दिलं, "आणखी काही घेणार का सर?" उत्तर आलं की पुढचं टेबल. देविदास गरीब माणूस, त्याने ते मंत्रासारखं घोकलं.

पंधरा दिवसांत उष्ट्याची बादली निम्म्यावर आली. उष्टं नेणारे म्हशीवाले नाना कुरकुरले, मी मात्र अर्ध्या बादलीचा फोटो स्टेटसला ठेवला. नेहमीची गिऱ्हाईकं थोडी कमी दिसत होती... पण त्याचं खापर मी लग्नसराईवर फोडून मोकळी झाले.

आणि गुरुवारी शेठजी आले. मेनू दाल-बट्टी. बट्टी कुस्करली, वर दाल आली, तुपाची पहिली पळी पडली, आणि देविदासने मंत्र म्हटला.

शेठजी "नको नको, बस" म्हणाले. देविदासने आदर केला. मिसेसच्या 'नको'चाही केला. मोठे भाऊ तर बोललेही नव्हते, नुसती मान हलवली होती, तिचाही आदर झाला. तिघांनी ती जेमतेम भिजलेली बट्टी पाण्याच्या घोटाबरोबर कशीबशी ढकलली असणार. "छान होतं, कळवतो," म्हणून उठले. 'कळवतो'चा अर्थ धंदेवाल्यांना सांगायला नको.

आणि मग ती कचोरी.

मी काउंटरवरून बघत होते. कोठीच्या दारातून अक्का म्हणाल्या, "त्या बठ्ठा भुक्या शेतस."

तिघेही उपाशी? अहो, पण विचारलं होतं ना त्यांना! तेच नको म्हणाले... अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला सर्टिफिकेट भिंतीवरून काढून लपवावंसं वाटलं.

"पहिलं नको तोंडनं ऱ्हास माय, पोटनं नही."

तोंडाचं 'नको' वेगळं, पोटाचं वेगळं... आणि मी तर याच मुलखातली हो! मावशीकडे तीनदा नको म्हणत चार पुरणपोळ्या हाणणारी. हे मी तीन दिवसांच्या शिबिरात कशी विसरले, देव जाणे. खरंच लाज वाटली.

तोवर अक्का रस्त्याच्या पलीकडे पोचल्यासुद्धा. शेठजींच्या हातातली कचोरीची डिश काढून घेतली आणि सरळ म्हणाल्या, "भाऊ, बट्टी थंडी व्हई राहिनी, चला." एवढा मोठा व्यापारी माणूस, मुकाट्याने मागे चालत आला!

मग खरी पंगत बसली. शेठजींनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. अक्का तुपाची पळी तशीच वर धरून थांबल्या... हात निघाले, तूप पडलं. शेठजी दर बट्टीला नको म्हणाले आणि पाच बट्ट्या खाल्ल्या. मोठ्या भाऊंनी मान हलवत सहा.

जाताना शेठजी म्हणाले, "हॉल आमचा धरा. पण वाढायला ह्या बाई पाहिजेत, नाहीतर पाहुण्यांसाठी कचोरी मागवावी लागेल." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शिबिर वाया गेलं असं नाही म्हणणार. शिबिरानंतर घेतलेला वजनकाटा अजून आहे, कोठीत पीठ-डाळ मोजूनच निघते. फक्त तो काटा आता ताटाजवळ फिरकत नाही. देविदासचा मंत्रही बंद.

सगळं आवरलं तेव्हा चार वाजले होते. टेन्शनमध्ये मी सकाळपासून चहावरच. अक्कांनी विचारलं, "तू जेवनी का व माय?"

म्हटलं, "हो अक्का, झालं माझं." त्यांनी उत्तर ऐकलंच नाही, ताट वाढून समोर ठेवलं.

मी दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड रिकामं नव्हतं...