ब्राझीलचा झेंडा आणि मोकाद्देसची लाइन

मोकाद्देसने मुद्दाम लाइन कापली, असं आजही काजुलीहाटात कोणी म्हणालं की माझं टाळकं सरकतं. मी शिंपी माणूस, बाजारात मला सगळे खलिफा म्हणतात. हातात कात्री असताना रागावू नये म्हणून मी ती आधी खाली ठेवतो आणि मग समोरच्याला चार शब्द सुनावतो. ज्या दिवशी सुनावायला हवे होते त्या दिवशी मात्र माझी जीभ उचलली नाही, हेही सांगून टाकतो.

मोकाद्देस आमच्याच दक्षिणपाड्यातला, नावाड्याचा मुलगा. सहा वर्षं ढाक्यात कुणाच्या तरी कंपनीसाठी खांबांवर चढून वायरी ओढल्या, आणि गावी येऊन स्वतःची नेटची लाइन टाकली. मोठ्या कंपन्यांना आमच्याकडे यायला सांगा, घरं किती म्हणून विचारतात आणि फोन ठेवून देतात. मोकाद्देसने असं कुणाला विचारलं नाही. दोन घरांसाठीसुद्धा तो बिलापलीकडे, म्हणजे पाणथळीच्या पार, वायर घेऊन गेला. बाजारातल्या पत्र्याच्या खोलीत त्याची यंत्रं. नेट घेतलं की खेळ त्यासोबतच यायचे. क्रिकेट असो, फुटबॉल असो, मोबाइलवर त्याचं पान उघडायचं, सामना सुरू. वेगळे पैसे नाहीत. पोरांच्या अभ्यासासाठी लाइन घेतली असं सगळे सांगतात, पण घेतली ती खेळासाठीच.

सामना लागला की मोकाद्देस त्या खोलीत पडद्यासमोर बसायचा, आवाज बंद करून. खेळाकडे त्याचं लक्षच नसायचं, चित्र अडकतंय का तेवढं बघायचा. गोल कुणी केला ते त्याला बाहेरच्या आरड्याओरड्यावरून कळायचं. मोठ्या सामन्याला स्वतःच्या घरची लाइन बंद ठेवायचा, तेवढाच भार कमी. त्याची बायको हाजेरा शेजारणीकडे जाऊन बघायची आणि म्हणायची, गावाला पंगत वाढतो आणि घरात उपास.

त्याची एकच खोट, तो आर्जेन्टिनाचा. आमचा दक्षिणपाडा जवळजवळ सगळा आर्जेन्टिना, उत्तरपाडा सगळा ब्राझील. विश्वचषकाच्या महिन्यात जमत आलेल्या सोयरिकी फिसकटतात. हे दोन देश नकाशावर कुठे आहेत ते विचारू नका, भांडणाला त्याची गरज पडत नाही.

त्या वर्षी उत्तरपाड्याच्या रिंटूने माझ्याकडे झेंडा शिवायला टाकला. रिंटूचं खताचं दुकान, दोन लेकरांचा बाप, शाळेच्या समितीवर. झेंडा दीडशे हात लांब, शाळेपासून मशिदीच्या वळणापर्यंत पोचेल असा. मी पातळ कापड सुचवलं. फाटला तर दक्षिणपाडा दात काढेल म्हणून त्याने जाड घेतलं. वरच्या काठाला मी दर दोन हातांवर बंद शिवून दिले. एवढं धूड टांगायचं तर बांबू रोवायला हवेत. पण मोकाद्देसची वायर खांबाखांबांवरून आयती गेलेली. रिंटूच्या माणसांनी झेंडा तिलाच बांधला.

एक बंद उसवला म्हणून मला तिथे बोलावलं होतं. मी सुई चालवत असतानाच मोकाद्देस सायकलवरून आला, वर बघितलं आणि उतरला.

"रिंटूभाई, ही वायर आतून काचेची असते. ताण सोसत नाही. कापड भिजलं की जड होईल. बांबू मी आणतो, बांधूनही मीच देतो."

"आमचा झेंडा आर्जेन्टिनाच्या डोळ्यांत खुपतोय," रिंटू म्हणाला आणि सगळे हसले.

"माझ्या डोळ्यांचं सोडा. उद्या तुमचाच सामना तुम्हाला दिसणार नाही."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? धमकी देतोय."

मीही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाची सर येऊन गेली. संध्याकाळी ब्राझीलचा सामना होता. अठराव्या मिनिटाला उत्तरपाड्यातल्या झाडून सगळ्या घरांत चित्र थांबलं. दक्षिणपाड्यात सगळं व्यवस्थित चालू. त्यात ब्राझीलने गोल केला, आणि तो आमच्या पाड्याने पाहिला, त्यांनी नाही. आमच्यातल्या कुणा शहाण्याने गल्लीत जाऊन त्यांच्या दिशेने टाळ्या पिटल्या. मग काय, वीस-पंचवीस माणसं पत्र्याच्या खोलीवर चालून गेली. खोली रिकामी. पळाला, असं ठरवून त्यांनी पडदा फोडला, खुर्ची मोडली.

तो पळून कुठे जाणार होता? तो त्यांच्याच पाड्यात शिडीवर चढला होता. भिजलेल्या झेंड्याने वायर खाली खेचली होती, खांबापाशी वाकते तिथे ती तुटली होती आणि झेंडा चिखलात लोळत होता. मोकाद्देसने आधी झेंडा सोडवला, कुणाचा पाय पडू नये म्हणून घडी करून शाळेच्या ओसरीत ठेवला, आणि मग काच जोडत बसला. चित्र परत आलं तेव्हा सामना संपला होता. झेंड्याची घडी हा त्याचा दुसरा गुन्हा झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना, असरच्या नमाजानंतर, शाळेच्या ओसरीत सालिश बसली, म्हणजे गावाचा निवाडा. न्याय करायला तोराब माताब्बर, बाजाराचे सगळ्यांत जुने मुखिया. रिंटूने सांगितलं: आदल्या दिवशी धमकी दिली, सामन्यात लाइन कापली, वर आमचा झेंडा उतरवला. अशा माणसाची लाइन उत्तरपाड्याला नको. उत्तरपाडा गेला असता तर मोकाद्देसची निम्मी घरं गेली असती, आणि उरलेल्या घरांवर ती खोली चालली नसती.

मोकाद्देसने तुटक्या वायरीचा तुकडा तोराब माताब्बरांपुढे ठेवला. त्यावर हिरवा बंद गाठीसकट तसाच होता.

"चाचा, कापलेली वायर अशी दिसत नाही. ही ओढून तुटलीय. आणि ही गाठ मी मारलेली नाही."

म्हाताऱ्याने तुकडा फिरवून फिरवून बघितला. "हा बंद कुणी शिवला?"

सगळे माझ्याकडे वळले. दक्षिणपाड्यात राहून मी जन्माचा ब्राझीलवाला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. त्या ओसरीत एकाच माणसाचा शब्द दोन्ही पाड्यांनी मानला असता, आणि तो माणूस मी होतो. रिंटू माझ्याकडे बघत होता. शाळेचे गणवेश दरवर्षी माझ्याकडे टाकायचे की नाही ते त्याच्या हातात.

"शिवला मी," मी म्हणालो. "कुठे बांधला, ते मला काय ठाऊक?"

माझ्याकडे एकदा बघून मोकाद्देसने तुकडा उचलून खिशात घातला.

तोराब माताब्बर म्हणाले, खरं-खोटं अल्ला जाणे, गावात शांतता हवी. मोकाद्देसने ब्राझीलचा पिवळा सदरा घालून सगळ्यांसमोर माफी मागावी, म्हणजे त्याची लाइन राहील. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर ही म्हणे शांतता. सदरा रिंटूनेच आणला होता, लहान मापाचा. काखेत दाटणारा तो सदरा घालून मोकाद्देस उभा राहिला आणि म्हणाला, "माझी चूक झाली." समोर पन्नास मोबाइल उंच झाले होते.

दिवेलागणीला मी पत्र्याच्या खोलीत गेलो. तो मागून आणलेल्या जुन्या पडद्यासमोर बसला होता, आवाज बंद. मी म्हणालो, "मी खोटं बोललो, मोकाद्देस."

"हो," तो म्हणाला.

पडद्यावर कुठलाच सामना नव्हता, नुसत्या घराघरांतल्या नेटच्या भाराच्या रेघा होत्या, आणि उत्तरपाड्याच्या सगळ्या वरपर्यंत चढलेल्या. एवढं काय बघतायत, मी विचारलं.

"मलाच," तो म्हणाला. "ती माफी. सगळे एकमेकांना पाठवतायत."

मग तो पुढे वाकला, एका घराचं चित्र अडकत होतं ते त्याने मोकळं केलं, आणि पुन्हा रेघांकडे बघत बसला.