यानांचा दसरा

जेवण झालं की रत्नाताईंचा डोळा लागतो, पण आज तो लागू नये असं त्यांना वाटतंय. पाच वाजता पुण्याहून कर्णिक येणार आहेत, अक्कांचं कपाट न्यायला. त्याआधी कपाटातल्या झाडून सगळ्या छोट्या यानांवरचं कुंकू पुसायचंय. थिनरची बाटली आणि कापूस घेऊन त्या कपाटासमोरच्या खाटेवर बसल्या आहेत, आणि बसल्या बसल्या पेंगताहेत.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मिरजेच्या दातांच्या डॉक्टर सुशीला भोकरे. भाद्रपदात गेल्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. अक्कांनी भरलं, आणि वर हे कपाटही भरलं. बोटाएवढी, मुठीएवढी अंतराळयानं, सगळी कल्पनेतली, कधीच न उडालेली. एखादं पार्सलातून मोडून आलं तर कवळीच्या गुलाबी मसाल्यानं त्याचा पंख जोडायच्या. आणि दर दसऱ्याला प्रत्येकाच्या नाकावर कुंकवाचा ठिपका. लोक हसायचे. अक्का म्हणायच्या, "वाहन ते वाहन. तुमच्या स्कूटरला हार घालता, मग ह्यांनी काय घोडं मारलंय?"

अशीच यानं जमवणाऱ्या कर्णिकांनी मात्र फोनवर स्पष्ट सांगितलंय. ठिपके म्हणजे खराबी, तेवढे काढून ठेवा. तो शब्द रत्नाताईंना झोंबला. पण आपल्याला त्यातलं काय कळतं, म्हणून त्या हो म्हणून बसल्या.

"रत्ने, थिनर नाकाशी धरून झोपतीस होय गं?"

अक्का कपाटाच्या काचेआड उभ्या आहेत. पांढरा कोट, मास्क हनुवटीखाली ओढलेला. रत्नाताईंना नवल वाटत नाही. चहा टाकायला हवा, एवढंच वाटतं.

"अक्का, जेवलीस तू?"

"जेवले की. चल, पेशंट खोळंबलेत."

खोली म्हणजे दवाखाना आहे. बाकावर यानं ओळीनं बसली आहेत, एकाच्या गालाला रुमाल बांधलेला. खुर्चीत एक चंदेरी यान आ वासून पडलंय आणि अक्का वाकून त्याच्या तुटक्या शेपटीत मसाला भरताहेत. रत्नाताई त्यांच्या हाताकडे बघत राहतात. सांधे सुजलेला, म्हातारा हात, पण कण इकडचा तिकडं होत नाही. असा हात पुन्हा व्हायचा नाही, असं मनात येतं आणि त्यांचा ऊर भरून येतो.

"अक्का, हे सगळं तुला कशाला गं हवं होतं? मी कधी विचारलंच नाही."

"दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं," अक्का मान वर न करता म्हणतात. "संध्याकाळी वाटायचं, जरा लांबचं बघावं."

त्या हात धुवायला वळतात, तर तिथं एसटीचा डेपो आहे. दसऱ्याची सकाळ आहे. गाड्यांच्या जागी यानं उभी आहेत, घराएवढी, झेंडूच्या माळा ल्यालेली. खाकीतला ड्रायव्हर हातात लिंबू घेऊन हिंडतोय.

"बाई, ह्याला चाकंच न्हाईत की. लिंबू ठेवू कशाखाली?"

"सरबत कर जा त्याचं," अक्का म्हणतात, आणि रत्नाताई पोट धरून हसतात. भाद्रपदापासून त्या अशा हसल्या नव्हत्या.

रांगेच्या टोकाला एक छोटं हिरवं यान आहे. त्याचं नाक कोरं.

"अगं बाई, आलं का हे?" अक्कांचा चेहरा पोरीसारखा उजळतो. "किती वाट बघितली ह्याची!"

"तेराव्यानंतर पार्सल आलं. यंदा आपल्याकडं दसरा झालाच नाही, अक्का."

"मग लाव की आता."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"इतकी वर्षं धूळ कोण पुसलं? एकाची तरी दांडी मोडलीस?"

"नाही."

"मग?"

रत्नाताई ओल्या कुंकवात बोट बुडवतात. "ते कर्णिक येणार आहेत गं. सगळं घेऊन जायला. मी हो म्हणून बसलेय."

"कपाट तुझं आहे आता, तू ठरव. आधी हे कर."

"हात हलतोय माझा."

"माझापण हलायचा. मसाला भरतानासुद्धा."

"तुझा?"

"मग काय. श्वास धरायचा आणि टेकवायचं. कुणाला कळत नाही."

रत्नाताई श्वास धरतात. टेकवतात.

दाराची घंटा वाजते. त्या खाटेवर आहेत, पाच वाजून गेलेत, कापूस कोराच आहे. हिरवं यान मांडीवर आहे. त्याच्या नाकावर कुंकवाचा ठिपका, जरासा डावीकडं. त्यांचं बोट लाल आहे, आणि करंडा तर पार आतल्या देवघरात. कोण उठलं, कुंकू कोणी आणलं, याचा विचार करत त्या क्षणभर बसतात, मग यान तळहातावर घेऊन दार उघडतात.

कर्णिक रिकामी खोकी घेऊन उभे आहेत. "झालं का साफ सगळं?"

"नाही. आणि होणारही नाही. कपाट देत नाही मी, कर्णिक. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. आत या, चहा घेऊन जा."

कर्णिक काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर हिरव्या यानावर पडते. त्यांचा हात आपोआप पुढं येतो.

"थांबा, त्याला हात नका लावू," रत्नाताई म्हणतात. "अजून ओलं आहे."