सोनामायची घागर

नांदुऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. पिशवीत कादंबरीची मुद्रितं होती, आठवड्याभरात छापखान्यात जायची. कादंबरी अद्भुताची, पण नायिका खरी: शंभरेक वर्षांपूर्वी वडनेर भोलजीत होऊन गेलेली सुईण, सोनामाय. जुन्या कागदांत तिच्याविषयी दोन ओळी सापडल्या, बाकीचं मी बिनधास्त रचलं. माझी सोनामाय सातपुड्यातल्या यक्षिणीला आपली कूस देऊन टाकते आणि जन्मभर निपुत्रिक राहते. बदल्यात तिच्या हातून एकही बाळंतीण दगावत नाही. सगळा डोलारा त्या सौद्यावर उभा होता.

मग कळलं, तिचे पणतू दिनकरभाऊ गावातच आहेत. त्यांना मी मुद्रितांची प्रत पाठवली. उत्तर आलं, "मायले वाचून दाखोलं. अखजीले (अक्षय्य तृतीयेला) या, समोरासमोर बोलू." त्या 'समोरासमोर'नं माझी झोप उडवली.

धास्तीच्या भरात मी भलत्याच बसमध्ये जाऊन बसले. कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी थांबला.

"हे तं जळगाव जामोदची गाडी हाय. वडनेरले जाचं तं इकडे काऊन बसल्या, बाई?"

उतरले, रिक्षा केली. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं तापत पडली होती. उत्तरेला सातपुडा दिसतो म्हणे, पण त्या दिवशी उन्हाच्या धुरकटात काही दिसेना. ज्या डोंगरात यक्षिणी बसवली तो मी कधी पाहिलाच नव्हता, याची तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

दिनकरभाऊ दारातच उभे होते. पन्नाशीचे, गंभीर. "या ताई," एवढंच म्हणाले. ओसरीवर पाण्यानं भरलेल्या दोन घागरी, त्यांवर एकेक डांगर (खरबूज), आणि शेजारी तिसरी रिकामी. अखजीला इथं घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, आणि ती त्यांच्या वंशातल्यानं भरायची. त्यांची आई, म्हणजे सोनामायची नातसून, भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारायच्या आतच मी सुरू झाले: जादूटोणा खटकला असेल, देवाधर्माला लागलं असेल...

"यक्षिणीचं काई नाई वं," माय शांतपणे म्हणाली. "असंन बी. पन तू तिले वांझ केलं. मंग आमी कोनाचे?"

तिनं रिकाम्या घागरीकडे बोट केलं. "हे तिची. तुह्या पुस्तकात हे कोन भरन?"

"मी नाव बदलते, माय."

"नाव काऊन बदलतं? नाव ऱ्हाऊ दे. पोरं दे तिले." ती पुढं म्हणाली, "थोरल्याच्या टायमाले गावात दुसरी सुईण नोती. तिनं सोताच्या पोराची नाळ सोताच कापली."

दिनकरभाऊंनी घागर भरली. जेवायला पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया. पहिला घास निखाऱ्यावर, गेलेल्यांसाठी. "जेवा ताई, आमी रागावलो नाई," दिनकरभाऊ म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

संध्याकाळी नांदुऱ्याच्या फलाटावरून प्रकाशकांना फोन लावला. कारण सांगितलं, छपाई थांबवा म्हटलं.

"अहो, नाव बदला नि मोकळ्या व्हा."

"नाव तेच राहणार."

गाडीत बसल्यावर मुद्रितं उघडली. यक्षिणी कूस मागते त्या पानावर आडवी रेघ मारली. कादंबरी तिथंच कोसळली, मला ते दिसत होतं. समासात लिहिलं: सोनामायनं विळा निखाऱ्यावर धरला आणि आपल्याच पोराची नाळ कापली. पुढं काय लिहायचं ते अजून ठाऊक नाही. पण तिची घागर भरायला माझ्या पुस्तकात आता कुणीतरी जन्मलं आहे.